पहिला पावसाळा आणि भिंतीवरची बुरशी: ओल शोधण्यापासून रंगापर्यंत

लातूर, जालना, सोलापूर अशा कोरड्या मुलखातून मुंबई-ठाण्यात किंवा खाली कोकणात राहायला आलेल्या माणसाच्या भिंतीवर पहिल्या जुलैत काळे ठिपके दिसायला लागतात आणि तो रंगाऱ्याला फोन करतो. माझा धंदा गळती आणि ओलीच्या कामांचा. तो फोन फिरत फिरत माझ्याकडेही येतो, पण पुढच्या वर्षी. रंगाचे पैसे एकदा पाण्यात गेल्यानंतर.

गेल्या ऑगस्टमध्ये डोंबिवलीत असाच एका घरी गेलो होतो. ताई म्हणाल्या, "भाऊ, भिंती ठीक आहेत, फक्त कपाटातून वास येतो." कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात मलमलीत गुंडाळलेला लग्नातला शालू, त्याच्या घडीच्या कडेवर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. खालच्या कप्प्यातले चामडी बूट हिरवट झालेले. दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं, तर मागची प्लायची पाठ चहात बुडवलेल्या पावासारखी. बोट लावलं तर आत गेलं. मागच्या भिंतीवर बरोबर कपाटाच्या मापाचा काळा चौकोन. भिंत पश्चिमेची, बाहेरून चार महिने झड खाणारी, आणि कपाट तिला टेकून. भिंती ठीक होत्या, पण दिसत होत्या तेवढ्याच.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या घरात, माझ्या घरात, दवाखान्यातसुद्धा. ते कोणालाच शून्यावर आणता येत नाहीत. त्यांना वाढायला खाद्य लागतं आणि ओल लागते. खाद्य घरात भरपूर आहे: प्लाय, कागद, सुती कापड, चामडं, रंगातले घटक, भिंतीवरची नुसती धूळसुद्धा. आपल्या हातात राहते ती फक्त ओल. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत निम्मं लिखाण पाण्याबद्दल आहे, आणि ते वगळून थेट साफसफाईवर उडी मारली तर पुढच्या वर्षी हेच काम पुन्हा करावं लागेल.

पहिली पायरी: बुरशीच आहे का ते बघा

भिंतीवर दिसणारं पांढरं सगळं बुरशी नसतं. विटा-सिमेंटच्या भिंतीतून पाणी झिरपलं की ते आतले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. याला लोणा म्हणतात. लोणा बोटाने चुरला तर मिठासारखा कचकचतो, ओल्या फडक्याने पुसला तर बराचसा विरघळून जातो. बुरशी पुसली की चिकट डाग फरफटतो आणि तिला कुबट वास असतो. काळा डाग नुसता मळ आहे की बुरशी, हे ओळखायला त्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत रंग फिका पडला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर मळ. लोणा म्हणजे बुरशी नव्हे, पण भिंतीतून पाणी येतंय याचा तो पक्का पुरावा आहे, तेव्हा हायसं वाटून घेऊ नका.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण 2021 पासून दर पावसाळ्यात मला हा प्रश्न येतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्याला "काळी बुरशी" म्हटलं गेलं तो म्युकरमायकोसिस, आणि तुमच्या न्हाणीघरातला काळा डाग, या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आजारातला काळा रंग मेलेल्या ऊतींचा असतो. मुख्य धोका होता तो अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांना. भिंतीवरच्या बुरशीचा त्रास बहुतेकांना वेगळ्या प्रकारचा होतो: शिंका, डोळे चुरचुरणं, दमेकऱ्यांचा दमा बळावणं. रंगावरून ती किती घातक ते ठरत नाही. काळी असो, हिरवी असो की पांढरी, काढायची सगळीच.

दुसरी पायरी: पाणी कुठून येतंय

एक पेन्सिल घ्या. ओलीच्या डागाच्या कडेने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. चार दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. माझ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे, भिंतीचं तापमान दाखवणारा कॅमेरा आहे, पण महिनाभराच्या या पेन्सिलीच्या रेघांनी जितकं सांगितलंय तितकं त्या यंत्रांनी एका भेटीत क्वचितच सांगितलं असेल.

पाऊस लागला की डाग वाढतो आणि उघडीप पडली की आक्रसतो, असं असेल तर पाणी बाहेरचं. नैर्ऋत्य मोसमी वारा झड आणतो ती दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर, त्यामुळे आधी त्या तपासा: बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा, एसीचा पाईप जिथून बाहेर जातो ते भोक, आणि सज्जावर साचलेलं पाणी. सज्जाला बाहेरच्या बाजूने उतार नसेल तर पाणी भिंतीकडेच मुरतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहात असाल तर गच्ची. कोबा, म्हणजे गच्चीवरचा पक्का थर, जागोजागी पोकळ वाजत असेल, नाल्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून तळं साचत असेल, तर छताच्या डागाचं कारण तेच.

उन्हाळ्यातही डाग तसाच राहात असेल तर नळाचं किंवा सांडपाण्याचं पाणी. बहुतेक वेळा वरच्या घराचं न्हाणीघर. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतालचा सांधा आणि कमोडचा सांधा हे दोन नेहमीचे गुन्हेगार. वरच्यांना विनंती करून ट्रॅपचं तोंड बंद करायचं, फरशीवर इंचभर रंगीत पाणी भरायचं आणि 24 तास ठेवायचं. खाली रंग उतरला तर वादच मिटला.

तळमजल्यावर डाग जमिनीपासून वर चढत गेलेला आणि साधारण मीटरभर उंचीवर थांबलेला असेल तर ती जमिनीतली ओल, जोत्यातला ओलरोधक थर नसल्याने किंवा निकामी झाल्याने चढलेली. कोकणातल्या जुन्या घरांत ही फार. हे काम अवघड असतं, त्यावर नुसता रंग किंवा फरशा मारल्या तर ओल आणखी वर चढते.

नव्या इमारतीत पहिल्याच वर्षी राहायला गेला असाल तर चौथं कारणही असतं: बांधकामातलंच पाणी. काँक्रीट आणि गिलावा वाळायला महिने लागतात. बिल्डरला लगेच दोष देण्याआधी एक कोरडा हिवाळा जाऊ द्या, कपाटं भिंतीपासून लांब ठेवा.

आणि पाचवं कारण असं, की ज्याने मी माणसं भांडताना पाहिली आहेत. ठाण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरी पॅसेजची भिंत दरवर्षी काळी पडायची. शेजारच्या घराचं न्हाणीघर त्याच बाजूला, म्हणून त्यांच्यावर ठपका. त्या बिचाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने न्हाणीघर फोडलं, वॉटरप्रूफिंग केलं, नव्या फरशा बसवल्या. पुढच्या जुलैत डाग परत हजर. दोन घरांत दिवाळीचा फराळ बंद. मी गेलो तेव्हा भिंतीला हात लावला आणि हात मागे घेतला, इतकी ती गार. पलीकडे मुलाची बेडरूम, रात्रभर 18 वर एसी, मधे चार इंची भिंत. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर 26 अंशांपेक्षा थंड कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसा त्या भिंतीला रोज रात्री सुटत होता. गळती कुठेच नव्हती.

हे घरी तपासता येतं. फूट-दीड फुटाचा जाड पॉलिथिनचा चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेर, खोलीच्या बाजूला दिसले तर ते हवेतलं.

तिसरी पायरी: स्वतः करायचं की माणूस बोलवायचा

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक ठोकताळा मी वापरतो: बुरशीची जागा 10 चौरस फुटांच्या आत असेल, म्हणजे साधारण तीन बाय तीन फूट, तर काळजी घेऊन स्वतः करता येतं. त्याहून मोठी असेल, सांडपाण्यामुळे आली असेल, फॉल्स सीलिंगच्या आत असेल किंवा एसीच्या डक्टमध्ये असेल तर जाणकार माणूस बोलवा. घरात तान्हं मूल, दम्याचं माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल तर छोट्या कामालाही त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

एक सावधगिरी. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून भिंत कापायला निघू नका. तिकडची घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेली, तो बोर्ड बुरशीचं जेवणच, म्हणून ते कापून फेकतात. आपली भिंत विटांची आणि सिमेंटच्या गिलाव्याची. ती बहुधा वाचते. आपल्याकडे जातं ते फर्निचर, पीओपी आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग.

चौथी पायरी: साफसफाई

पंखा बंद. हे पहिलं, कारण सगळे पंखा लावूनच सुरुवात करतात आणि एका भिंतीवरचे बीजाणू घरभर पाठवतात. खोलीचं दार बंद करून फटीला ओलं फडकं लावा, खिडकी उघडी ठेवा. एन-95 मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही.

कोरडी बुरशी कधीच खरवडायची नाही. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून ती ओली करा, मग घासा. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी हेच मुख्य औषध. मेलेली बुरशीसुद्धा शिंका आणि दमा आणते, त्यामुळे नुसती मारून उपयोग नाही, ती भिंतीवरून निघाली पाहिजे. ज्या फडक्याने पुसाल ते पुन्हा बादलीत बुचकळू नका. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची, एक धुवायची, आणि शेवटी फडकी पिशवीत बांधून फेका.

ब्लीच फरशा, काच, सिंक अशा पाणी न शोषणाऱ्या गोष्टींवर चालतं, लिटरभर पाण्यात साधारण 60 मिलिलिटर. गिलाव्यावर आणि प्लायवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. क्लोरीन वरच राहतो, पाणी तेवढं आत मुरतं आणि बुरशीला पुन्हा ओल मिळते. आणि हे नीट वाचा: आपल्याकडे न्हाणीघराला अॅसिड मारायची सवय आहे. ब्लीच आणि अॅसिड, किंवा ब्लीच आणि आम्लधर्मी टॉयलेट क्लीनर, एका जागी आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हा वायू जीवघेणा ठरू शकतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. एका दिवशी एकच रसायन.

गिलाव्यासाठी मी टाकणखार वापरतो. लिटरभर गरम पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपास विरघळवून घासायचा आणि नंतर धुवायचा नाही, कारण मागे उरलेला टाकणखार बुरशीला परत धरू देत नाही. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर मात्र तो टाळा, पोटात गेला तर विषारी आहे. पांढरं व्हिनेगरही चालतं, पण कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवरावर नाही. आम्लाने त्या दगडांवर कायमचे पांढुरके डाग पडतात.

फुगलेली प्लाय, गादी, बुरशी धरलेली उशी, भिजलेलं जिप्सम: फेकून द्या. गादी उन्हात टाकून वाचली असं सांगणारे पुष्कळ भेटतात, तिला फाडून आतला कापूस बघितलेला एकही भेटलेला नाही.

महापुराचं पाणी घरात शिरलं असेल, जसं 2019 ला सांगली-कोल्हापुरात आणि 2021 ला चिपळूण-महाडमध्ये शिरलं, तर घाई याहून मोठी. भिजलेली गोष्ट 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरते असं समजून चालायचं. गाळ काढा, सामान बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा. भिंती धुणं त्यानंतर. वीज आलेली असली तरी भिजलेले बोर्ड इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय बटण दाबू नका.

जाणकार माणूस बोलावलात तर त्याने काय करायला हवं

तो आल्या आल्या फवारणीचं यंत्र काढत असेल तर त्याला चहा देऊन परत पाठवा. आधी त्याने ओलावा मोजला पाहिजे, आणि तोही दोन ठिकाणी: डागावर आणि घरातल्या एखाद्या खात्रीच्या कोरड्या भिंतीवर. तुलनेशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ओल कुठून येते याबद्दल त्याचं मत लेखी घ्या.

कामाच्या दिवशी खोली जाड प्लास्टिकने उरलेल्या घरापासून तोडली पाहिजे, साधारण 150 मायक्रॉनचं, चिकटपट्टीने जमिनीपासून छतापर्यंत. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे खोलीतली हवा घराकडे न येता बाहेरच जाते. प्लास्टिकचा पडदा आतल्या बाजूला फुगलेला दिसला तर पंखा बरोबर लागलाय, बाहेर फुगलेला दिसला तर उलटा. हे तुम्ही दाराशी उभं राहूनही बघू शकता. पोकळ वाजणारा गिलावा काढायचा, तोही ओला करून, आणि राडारोडा पिशव्यांत बांधूनच बाहेर न्यायचा. सोसायटीच्या लिफ्टमधून उघड्या घमेल्यात नेणारे बघितलेत मी. शेवटी हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीच्या) व्हॅक्यूमने भिंत, जमीन, पंख्याची पाती, सगळं ओढून घ्यायचं. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने हे करू नये, बारीक बीजाणू त्याच्या पिशवीतून आरपार बाहेर येतात.

"शंभर टक्के बुरशीमुक्त, दहा वर्षांची हमी" असं कोणी म्हणालं तर हमी कशाची ते विचारा. गळती काढल्याची हमी देता येते. हवेत बीजाणू नसतील याची कोणालाच नाही.

पाचवी पायरी: वाळवणं, आणि मग रंग

इथे भांडण होतं ते गणपतीमुळे. प्रत्येकाला गणपतीच्या आधी घर चकाचक हवं, आणि तो काळ रंगासाठी सगळ्यात वाईट. ओल्या गिलाव्यावर रंगाऱ्याने लांबी (पुट्टी) भरली, वर प्राइमर आणि प्लास्टिक रंग मारला, की दिवाळीला पोपडे. मी लोकांना सांगतो, गणपतीआधी बुरशी काढा, भिंत स्वच्छ करा, हवं तर मखराच्या मागे कापड लावा. भिंतीपासून दोन इंच सोडून. रंग दिवाळीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीत. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची कामं पाऊस गेल्यापासून मेपर्यंत कधीही, पण ती आतल्या रंगाच्या आधी.

आतून वॉटरप्रूफ रंग मारून बाहेरचं पाणी थांबत नाही. पाणी रंगामागे साचतं आणि काही महिन्यांत फुगे येतात. बुरशीरोधक रंग चांगले असतात, पण कोरड्या भिंतीवर.

कोकणात आमच्या आजोळच्या घराला दरवर्षी चुना मारायचे. चुन्याची निवळी इतकी क्षारधर्मी असते की बुरशी तिच्यावर जीव धरत नाही, आणि चुना भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. हवेशी संयोग होऊन त्याचा जोर हळूहळू ओसरतो, म्हणूनच तो दरवर्षी लागतो. जुन्या भिंती, गोठा, माळा यांना मी आजही चुनाच सुचवतो. प्लास्टिक रंगावर मात्र तो धरत नाही.

पैसे कोणी द्यायचे

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाची गळती आणि सामाईक पाईप ही संस्थेची जबाबदारी. घरातलं न्हाणीघर, सिंक यांची गळती त्या सदनिकाधारकाची. सचिवांना लेखी अर्ज द्या, पेन्सिलीच्या रेघांचे तारखेसह फोटो जोडा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या वार्षिक सभेपर्यंत कोणालाच आठवत नाही.

सहावी पायरी: दर पावसाळ्याची सवय

काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं. ते बैठकीत नाही, कपाटात ठेवा. आतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत ठेवायची असं पुस्तकं सांगतात, मुंबईच्या जुलैत खिडकी उघडी ठेवून ते शक्य नाही. म्हणून मी एकच खोली कोरडी ठेवायला सांगतो, जिथे कपडे आणि पुस्तकं आहेत ती. तिथे डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) किंवा ड्राय मोडवर एसी, तापमान 25-26. जड झड चालू असताना खिडकी उघडून "हवा खेळती" ठेवणं म्हणजे ओल आत बोलावणं. उघडीप मिळाली की उघडा.

कपडे घरात वाळत घालणं टळत नाही, पण मशीनमधून निघालेल्या एका घाण्यात दोनेक लिटर पाणी असतं आणि ते सगळं तुमच्या हवेत जातं. ते एकाच खोलीत घाला, दार बंद, एग्झॉस्ट चालू. बेडरूममध्ये नको. स्वयंपाक करताना आणि आंघोळीनंतर अर्धा तास एग्झॉस्ट चालू राहू द्या.

कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे, आणि शक्यतो पश्चिमेची भिंत सोडून. आत गच्च भरू नका. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीसाठी नाहीत. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या चालतात, पण त्यात पाणी साचलं की वेळेवर ओता, नाहीतर कपाटातच सांडतात. शालू मे महिन्यातच सावलीत उघडून, घडी बदलून, कोऱ्या सुती कापडात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आतली दमट हवा आतच राहते.

डोंबिवलीच्या ताईंचा शालू ड्रायक्लीनिंगला गेला, ठिपके गेले, जरीवर एक पिवळट रेघ राहिली. कपाट आता आतल्या भिंतीला आहे. जुन्या जागेवर भिंत धुऊन मोकळी सोडली आहे, तिच्यावर पेन्सिलीने "12 ऑगस्ट" लिहिलंय. रंग त्यांनी अजून दिलेला नाही. बाहेरची भेग भरून झाली आहे, आणि यंदाची झड त्या रेघेबाहेर जाते का, ते बघायचं ठरलंय.